यादीत नाव नाही, मग संध्याकाळी पाच वाजता काय करायचं?

ताई, नमस्कार. आम्ही सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो. माझी मुलगी पंधरा वर्षांची, नववीत आहे. पाचवीपासून खो-खो खेळते. चौदा वर्षांखालच्या संघातून दोनदा जिल्ह्याला जाऊन आली. यंदा सतरा वर्षांखालच्या शाळेच्या संघाची बारा जणींची यादी लागली, त्यात तिचं नाव नाही. तिच्या जागी आठवीतली मुलगी घेतली. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "वजन वाढलंय तुझं, पळती राहिली नाही." महिना होत आला, ती मैदानावर गेलेली नाही. शाळेतून आली की दार लावून मोबाईल घेऊन पडते. रात्री भाकरी नको म्हणते. शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखतं, रविवारी दुखत नाही. तिची जिवाभावाची मैत्रीण संघाची कर्णधार झाली, तिच्याशी बोलणं बंद. जानेवारी 2025 मध्ये आपल्या मुलींनी खो-खोचा वर्ल्ड कप जिंकला, तेव्हा त्या संघाची कर्णधार प्रियांका इंगळेचा पेपरातला फोटो तिनं कपाटावर चिकटवला होता. तोही काढून टाकला. तिचे पप्पा म्हणतात, बरं झालं, पुढच्या वर्षी दहावी आहे. माझा भाऊ म्हणतो, संस्थेत ओळख आहे, मुख्याध्यापकांना फोन लावतो. तिला जबरदस्तीनं मैदानावर पाठवू, की खेळाचा नादच सोडायला सांगू? पुढच्या महिन्यात तालुक्याच्या स्पर्धा आहेत, तिला बघायला न्यावं का?
— एक आई

ताई,

तुमच्या पत्रातली भाकरीची ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. यादी, मैत्रीण, मामांचा फोन, या सगळ्याबद्दल बोलूच. पण आधी जेवणाचं बघू.

सरांनी सगळ्यांसमोर एक वाक्य टाकलं आणि तिनं त्याचं गणित मांडलं: जेवण कमी केलं की वजन उतरेल, वजन उतरलं की जागा परत मिळेल. पंधरा वर्षांच्या मुलीला हे गणित सरळ वाटतं, पण ते साफ चुकीचं आहे. वयात येताना मुलींच्या अंगावर चरबी वाढते, कंबर रुंदावते. ही शरीराची ठरलेली वाढ आहे, आळसाची खूण नव्हे. या काळात काही मुलींचा पळण्या-वळण्याचा अंदाज थोडा बिघडतो आणि सरावानं तो परत बसतो. खो-खोत तर सगळा खेळ झटक्यात वळण्याचा, हुलकावणीचा, खाली वाकून सुटण्याचा. रात्री उपाशी झोपणाऱ्या मुलीच्या पायात तो झटका येणार कुठून?

दुसरी शक्यता सरांच्या लक्षात आलेली नसावी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत देशातल्या 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी सुमारे 59 टक्के मुलींमध्ये रक्त कमी आढळलं. म्हणजे निम्म्याहून जास्त. ज्या मुलीला पूर्वी दोन-दोन मिनिटं पळतीला काही वाटत नव्हतं आणि आता मिनिटभरात धाप लागते, तिचं वजन बघण्याआधी हिमोग्लोबिन बघायला हवं. या आठवड्यात तिला ग्रामीण रुग्णालयात घेऊन जा. बऱ्याच ठिकाणी तिथं किशोरवयीन मुलामुलींसाठी 'मैत्री क्लिनिक' असतं. रक्ताची तपासणी होते, समुपदेशकाशी बोलताही येतं, एका खेपेत दोन्ही कामं होतात. हिमोग्लोबिन 12 च्या खाली आलं तर डॉक्टर औषध देतील. पाळी किती दिवस असते, रक्तस्राव जास्त होतो का, हे तुम्ही आधी विचारून ठेवा, कारण डॉक्टरांसमोर ती सांगणार नाही. आणि शाळेत आठवड्याला मिळणारी निळी लोहाची गोळी ती गिळते की दप्तरात ठेवते, तेही विचारा. मळमळतं म्हणून पुष्कळ मुली ती टाकून देतात. जेवण झाल्यावर घेतली तर त्रास कमी होतो, फक्त तिच्या आगेमागे चहा नको.

घरात आता वजनाचा विषय बंद. आजी, काकू, शेजारीण, कुणीही "बारीक झालीस" असं कौतुकानं म्हणालं तरी तुम्ही विषय बदला. ताटात भाकरी, उसळ, जमत असेल तर अंडं, शेंगदाण्याची चटणी वाढा आणि तिच्यासोबत जेवायला बसा. "खा, नाहीतर चक्कर येऊन पडशील" हा धाक नको. ती जेवण लपवून टाकत असेल, खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढत असेल किंवा पाळी थांबली असेल, तर मात्र एक दिवसही न घालवता डॉक्टरांकडे जा.

पोटदुखीचं. ती खरी आहे. मनावर ताण आला की या वयात पोट खरोखर दुखतं. रविवारी दुखत नाही म्हणून ते नाटक ठरत नाही, त्रास शाळेत आहे एवढंच त्यातून कळतं. शाळेत नेमकं काय आहे हे तुम्हाला कळायला हवं. ती यादी लावलेल्या फळ्यासमोरून रोज जात असेल, सरांचं वाक्य मुलं तिला ऐकवून दाखवत असतील, किंवा आणखी काही असेल. साध्या शब्दांत, एकदाच विचारा: "तिथं तुला कुणी चिडवतं का? कुणी नको तसं बोललं, हात लावला, असं काही झालंय का?" ती नाही म्हणाली तर उलटतपासणी करू नका. पण ही गोष्ट घरात बोलता येते, हे तिला कळलेलं असू द्या. तसं काही निघालंच तर 1098 या बालकांच्या हेल्पलाइनवर फोन करा, मुख्याध्यापकांना लेखी द्या, आणि त्या क्षणी संघाचा विषय बाजूला ठेवा.

आता तुमचा मुख्य प्रश्न. जबरदस्तीनं पाठवू की सोडायला सांगू? माझं मत, सध्या दोन्ही नको.

यादीतून नाव गेलं की घरच्यांना वाटतं, स्पर्धा गेली. तिचं त्याहून जास्त गेलंय. पाचवीपासून रोज पाच वाजता ती कुठे असायची ते आठवा. दप्तर कट्ट्यावर टाकायचं, फक्कीनं आखलेल्या पाटीत जाऊन बसायचं, खो ऐकताच उठायचं, खांबाला वळसा घ्यायचा, गुडघे सोलून घ्यायचे. मग अंधार पडेपर्यंत पाण्याच्या टाकीजवळ गप्पा, वडापाव, सायकली ढकलत घरी येणं. कोण कशी बाद झाली यावरून रस्त्यातली भांडणं. तिच्या सगळ्या मैत्रिणी त्या दोन तासांत होत्या, तिचा मान तिथं होता, दिवसाचा थकवा तिथंच उतरायचा. ते दोन तास एकदम रिकामे झाले आणि त्यात मोबाईल येऊन बसला. म्हणून तिचा खेळ पुढे काय होईल याची चिंता तूर्त राहू द्या. संध्याकाळी पाच ते सात या वेळात ती कुणाबरोबर आणि कुठे असेल, एवढ्याचीच व्यवस्था लावू. या पत्रात मला सर्वांत कळकळीनं सांगायचंय ते हेच.

पहिले आठ-दहा दिवस काहीही चालेल, फक्त घराबाहेर आणि माणसांत. तुमच्याबरोबर बाजार, मावशीच्या घरी फेरी, शेताकडे चालत जाणं. क्लास लावू नका, ती शिक्षा वाटेल. त्यानंतर मला एक गोष्ट करून बघावीशी वाटते. तुमच्या जवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथीची मुलं खो-खो खेळत असतील, आणि त्यांना नीट शिकवणारं कुणी नसेल. तिथल्या गुरुजींना विचारा, आठवड्यातून दोन दिवस हिनं त्या पोरांना शिकवलं तर चालेल का. पाटीत बसायचं कसं, खो मिळायच्या आधी उठलं तर फाऊल का होतं, खो देताना हात आणि आवाज एकदम कसा द्यायचा, हे तिच्या अंगात मुरलेलं आहे. ती लहान पोरं तिला यादीबद्दल विचारणार नाहीत, "ताई, परत दाखव" म्हणतील. ती नाही म्हणाली तर सोडून द्या, पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा विचारा.

बोलणं कसं काढायचं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण बंद दाराबाहेर तुम्ही उभ्या असाल, असं मला वाटतं. समोर बसवून "बोल माझ्याशी" म्हटलं की या वयाची मुलं हमखास गप्प होतात. मेथी निवडताना, गाडीवर मागे बसलेली असताना, धुणं वाळत घालताना बोला, जिथं एकमेकींच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. तुम्ही एकच वाक्य म्हणा: "तुझं नाव नव्हतं ना, मलापण फार वाईट वाटलं." आणि मग गप्प राहा. ती रडेल, चिडेल, "तुला काय कळतं" म्हणेल. म्हणू द्या. "त्यात काय एवढं", "दुसरा खेळ बघ", "देव करतो ते भल्यासाठी" ही वाक्यं मनातच ठेवा.

मोठ्या खेळाडूंची उदाहरणंही आत्ता नकोत. प्रियांका इंगळेचा फोटो तिनं उतरवलाय, तो परत चिकटवायला सांगू नका. पण एक खरी गोष्ट तुम्हाला सांगते, तिच्यासाठी नव्हे, तुमच्यासाठी. 1987 मध्ये चौदा वर्षांच्या सचिन तेंडुलकरला मुंबईतल्या सर्वोत्तम कनिष्ठ क्रिकेटपटूचा पुरस्कार मिळाला नाही आणि तो खट्टू झाला. तेव्हा सुनील गावसकरांनी त्याला पत्र पाठवलं. त्यात त्यांनी कळवलं की हा पुरस्कार मिळालेल्यांच्या यादीत आणखी एकाचं नाव सापडणार नाही, आणि त्या माणसानं कसोटी क्रिकेटमध्ये काही वाईट केलेलं नाही. तो माणूस म्हणजे ते स्वतः. त्या ओळींत उपदेश नव्हता. ज्याला तेच मिळालं नव्हतं, त्यानं त्या दोन ओळी लिहिल्या होत्या, म्हणून त्या मुलाला ते पत्र लागू पडलं.

तुमच्या लेकीला गावसकर लागणार नाहीत. सांगली जिल्ह्यात खो-खो घरोघर माहीत आहे. याच शाळेतून खेळून गेलेली, एखाद्या वर्षी यादीतून वगळली गेलेली एखादी ताई तुमच्या गावात नक्की निघेल. आता ती पोलीस भरतीची तयारी करत असेल किंवा तिचं लग्न झालं असेल. तिला चहाला बोलवा आणि आधी सांगून ठेवा की समजूत घालू नको, फक्त तुझं त्या वर्षी काय झालं ते सांग. मग तुम्ही स्वयंपाकघरात जा.

मामांचा फोन नको. त्यांचा जीव तुटतोय हे समजतं. पण ओळखीनं एक नाव आत गेलं तर एक नाव बाहेर जाईल, आणि ते बहुधा त्या आठवीतल्या पोरीचं असेल, जिचा यात काहीच दोष नाही. हिचं नाव कसं आलं ते उरलेल्या अकरा जणींना दुसऱ्या दिवशी कळेल. खो-खोत एकटीनं खेळता येत नाही, मागून खो देणारी लागते. मैत्रिणींनी मनातून टाकलेली मुलगी संघात असून काय करणार?

तुम्ही स्वतः मात्र सरांना भेटा, यादीसाठी नाही, त्या वाक्यासाठी. आवाज न चढवता सांगा: "संघ कुणाचा करायचा हे तुम्ही ठरवा सर. पण तिच्या वजनाबद्दल तुम्ही सगळ्यांसमोर बोललात, त्या दिवसापासून ती रात्री जेवत नाही." बहुतेक क्रीडाशिक्षकांना आपलं वाक्य मुलीच्या ताटापर्यंत पोचलंय याची कल्पनाच नसते, आणि कळल्यावर त्यांना मनापासून वाईट वाटतं. सरांनी झटकून टाकलं तर मुख्याध्यापकांना भेटा. मुलीच्या शरीरावर चारचौघांत बोलणं चुकीचं आहे, इथं तुम्ही बिचकायचं कारण नाही.

निवडीबद्दलचा प्रश्न तिनं विचारायचा, तुम्ही नाही. ती तयार होईल तेव्हा, कदाचित दोन-तीन आठवड्यांनी. आणि प्रश्न "मला का नाही घेतलं" असा नको, त्याला सर गोल उत्तर देतील. "सर, पळती कमी पडली की पाठलाग? खो मिळाल्यावर उठायला वेळ लागतो का? पुढच्या निवडीपर्यंत मी कशावर मेहनत घेऊ?" असं विचारलं की शिक्षकाला नेमकं बोलावं लागतं. उत्तर वहीत लिहून ठेवायचं. त्याच वेळी तिनं हेही विचारावं की सरावाला आले तर चालेल का. बारा जणींना सरावासाठी समोर दुसरी फळी लागतेच, अनुभवी पळणारी मुलगी समोर असेल तर सरांना ती हवीच असते. हे सगळं तिला रुचलं तरच. पहिल्या दिवशी मैदानाच्या कडेपर्यंत जाऊन परत आली तरी चालेल.

तिच्या पप्पांशी तुम्ही एकट्यात बोला. त्यांना दहावीची काळजी आहे, ती खोटी नाही. पण महिनाभर ती खेळत नाही, तर त्या वेळात अभ्यास झाला का, हे त्यांना शांतपणे विचारा. दार लावून पडलेली मुलगी पुस्तक उघडत नाही, आणि "बरं झालं" हे बापाच्या तोंडचे शब्द तिला सरांच्या वाक्याइतकेच लागले असतील. त्यांनी तिला एवढंच म्हणावं, "तू पाच वर्षं घाम गाळलास, मी बघितलंय." बापानं हे म्हटलं तर त्याची किंमत तुमच्या-माझ्या दहा वाक्यांहून जास्त आहे.

मैत्रिणीच्या बाबतीत मध्ये पडू नका, तिच्या आईला फोन करून समेट घडवू नका. ती कर्णधार झालेली मुलगीही पंधराचीच आहे. आपल्याला मिळालं आणि हिला नाही, आता काय बोलायचं, हे तिलाही कळत नसेल. ती घरी आली तर नेहमीसारखं आत घ्या, चहा द्या आणि आपल्या कामाला लागा.

आणि वाटा खुल्या आहेत का, तर आहेत. पंधरा वर्षांच्या मुलीचं सतरा वर्षांखालच्या गटात अजून एक वर्ष बाकी आहे, नंतर कनिष्ठ महाविद्यालयात एकोणीस वर्षांखालचा गट असतो. शिवाय शाळेचा संघ वेगळा आणि खो-खो संघटनेच्या स्पर्धा वेगळ्या. तिथं अठरा वर्षांखालच्या मुलींचा जिल्हा संघ निवड चाचणीतून होतो, क्रीडा मंडळाकडून खेळणाऱ्या मुली त्यात उतरतात. गावात किंवा शेजारच्या गावात मंडळ असेल तर चौकशी करून ठेवा, पण चिठ्ठी खिशात ठेवा. तिनं विचारलं की द्या. आणि कदाचित ती म्हणेल, मला आता खेळायचंच नाही. तेही मान्य करा, फक्त हा हंगाम संपेपर्यंत तो निर्णय पक्का धरू नका, आणि तिचे बूट कुणाला देऊन टाकू नका.

एक गोष्ट मी सौम्य करून लिहिणार नाही. नाराजी चार-आठ दिवस राहते आणि हळूहळू उतरते. दोन आठवड्यांच्या पुढे ती तशीच राहिली, झोप उडाली, कशातच मन लागेना, अंघोळीचासुद्धा कंटाळा यायला लागला, तर ते रुसणं उरत नाही. तुमच्याकडे महिना होत आलाय, म्हणून आणखी वाट बघू नका, रक्त तपासायला जाल त्याच दिवशी समुपदेशकाशीही बोला. "मी नसते तर बरं झालं असतं" असं ती काही बोलली, हातावर ओरखडे दिसले, तर सरळ विचारा: "जीव द्यावासा वाटतो का तुला?" विचारल्यानं तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर होय आलं तर तिला एकटीला सोडू नका आणि लगेच जिल्हा रुग्णालय गाठा. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. तुम्हाला स्वतःला काही सुचेनासं झालं तरी तिथं फोन करा, तो फक्त मुलांसाठी नाही.

राहिली तालुक्याची स्पर्धा. आठवडाभर आधी एकदा विचारा, "जायचंय का?" नाही म्हणाली तर त्या दिवसाची दुसरी सोय आधीच लावून ठेवा, कारण अख्खी शाळा मैदानावर असेल आणि संध्याकाळी सगळ्यांच्या स्टेटसवर संघाचे फोटो येतील. मामांना तिच्यासाठी काही करायचंच आहे, तर त्या दिवशी त्यांनी तिला आपल्या घरी न्यावं, रात्री मुक्कामाला ठेवून घ्यावं. हो म्हणाली तर तुम्ही सोबत जा, शाळेच्या मुलींच्या घोळक्यापासून लांब, दुसऱ्या बाजूला बसा, आणि ती म्हणेल तेव्हा उठा, सामना अर्धा राहिला असला तरी.